न चाखलेली पोळी

महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब हिंगणघाटहून सायकलवर सायखेड्याला येत. त्याच्या आदल्या दुपारी तानाबाई मिशनच्या देवळाचं कुलूप काढी. देऊळ म्हणजे एक कौलारू खोली, चार बाकं, एक टेबल आणि भिंतीवर लाकडी क्रूस. कोपऱ्यात कपाट होतं. त्यात पितळी पेला, ताटली, फाटक्या पाठीची गीतांची पुस्तकं, कंदील, घासलेटची बाटली आणि पिठाचा डबा असे. डब्यातलं वाटीभर पीठ ती पदरात घेई, देवळाला लागून असलेल्या आपल्या घरी येई आणि तळहाताएवढी जाड पोळी करी. तेल नाही, तूप नाही. मनुका सकाळपासून भिजत घातलेल्या असत. त्या कुस्करून गाळल्या की प्रभुभोजनाची तयारी झाली.

पोळी तव्यावरून उतरली की पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची. जिभेवर ठेवायची नाही. हे तिला मिशनच्या मडमेनं शिकवलं नव्हतं. तिची आई मरीआईचा निवद करताना पोरांना चुलीजवळ फिरकू देत नसे. देवीच्या आधी कोणी चाखलं तर ते उष्टं. बाप्तिस्म्याच्या वेळी तानाबाईनं पुष्कळ गोष्टी सोडल्या. ही एक राहून गेली. कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळक पोळी मोडत, तुकडे ताटलीत ठेवत आणि बाकाबाकापुढून फिरवत. तानाबाईपुढे ते थांबत नसत. पाच-सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिनं मान हलवली, तेव्हा त्यांनी क्षणभर वाट पाहिली होती. पुढच्या खेपेला थोडी कमी. मग तिची पंचाईत नको म्हणून ते सरळ पुढे जाऊ लागले, आणि भलेपणानं सुरू झालेली गोष्ट सवयीची झाली. जी बाई पोळी करी तीच ती खात नसे, आणि याचं कोणाला नवल उरलं नव्हतं.

तानाबाईला मात्र ते दर महिन्याला नव्यानं जाणवे. ताटली पुढे गेली की तिला वाटे, आपण जेवणावळीत वाढपी आहोत.

ती याच गावची सून. गुलाब आणि लहानू हे दोघे भाऊ. थोरल्या गुलाबची बायको अन्नपूर्णा, धाकट्या लहानूची ताना. लहानू मिशनच्या डॉक्टर मडमेची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकायला लागला, मिशननं आपल्या जागेत घर दिलं आणि वर्षाभरात नवराबायको दोघंही ख्रिस्ती झाले. तानाबाई लिहायला-वाचायला शिकली. मिशननं तिला बायबलबाई नेमलं. म्हणजे खेड्याखेड्यांतून फिरायचं, बायकांना ओसरीवर बसवून शास्त्र वाचून दाखवायचं. तिचा आवाज चांगला होता. वाचताना ती मान वर करून बायकांकडे पाही. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला सांगण्यात एक गोडी असते. ती तिला लागली होती.

तिचा सगळ्यांत आवडता पाठ बळीदानाचा होता. पूर्वी माणसं आपल्या पापासाठी कोकरं, बकरे, गोऱ्हे कापत. दरवर्षी कापत, तरी पाप दरवर्षी उरे. मग देवानं स्वतःच आपलं कोकरू दिलं, एकदाच, सगळ्यांच्या वाट्याचं. आता कोणी काही कापायला नको. आषाढात मरीआईला बकरं देणाऱ्या बायकांना हे सांगताना ती सावकाश बोले.

ज्या वर्षी सायखेड्यात पटकी आली, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा दानियल बारा-तेरा वर्षांचा होता. गाव त्याला दान्या म्हणे. पोराचे डोळे खोल गेले, हातपाय थंड पडले. लहानू मडमेला आणायला दमणी घेऊन पळाला. त्याच रात्री अन्नपूर्णानं महारवाड्यातल्या लिंबाखाली मरीआईच्या तीन शेंदरी दगडांपुढे डोकं टेकलं आणि पोर वाचलं तर बकरं देईन असा नवस बोलली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. दान्या अर्धा तिच्याच चुलीवर वाढला होता.

पोर वाचलं. मिशन म्हणालं, सलाईननं. वाडा म्हणाला, मरीआईनं.

आषाढ लागला तशी अन्नपूर्णा मिशनच्या घरापुढे येऊन उभी राहिली. बकरं मी देते, म्हणाली, तू फक्त पोराच्या हातानं त्याले कुंकू लावू दे. मागे विहिरीवर पाणी भरणाऱ्या चार बायका थांबल्या होत्या. तानाबाई दारात उभी होती. त्याच आठवड्यात तिनं दोन गावांत तो पाठ वाचला होता.

"आमच्यासाठी कापाचं ते कधीचंच कापल्या गेलं, जाऊबाई," ती म्हणाली. "आता दुसरं नाई लागत."

वाक्य बरोबर होतं. पाळकांनी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. अन्नपूर्णा परत गेली.

पुढच्या वर्षी ज्वारी निसवली तेव्हा दान्या एका शेतावर पीक राखायला, जागलीला गेला. झोपडीत जमिनीवर झोपला असताना त्याला मण्यार चावली. सकाळी तो उठलाच नाही. पायाच्या बोटाजवळ दोन बारीक ठिपके होते, एवढंच.

नाल्याकाठच्या ख्रिस्ती कबरस्थानात माती देताना वाड्यातल्या बायका कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यांतलीच एक म्हणाली, फार हळू नव्हे, की मरीआईनं आपलं घेतलं. अन्नपूर्णाही त्या घोळक्यात होती. ती काहीच बोलली नाही.

त्यानंतर तानाबाई देवळात नेमानं गेली. गाणी म्हटली, झाडलोट केली, पोळ्या केल्या. फक्त खाल्लं नाही. ती पोळी खाणं म्हणजे, माझ्यासाठी द्यायचं ते दिलं गेलंय, हे मला पटलंय असं चारचौघांत म्हणणं. पटल्याशिवाय खाईल तो आपल्यावर दोष ओढवून घेतो, हेही तिनंच कितीतरी बायकांना वाचून दाखवलं होतं. मरीआईवर तिचा विश्वास होता असं नव्हे. पण नाही असंही तिला रात्री छातीवर हात ठेवून म्हणता येईना. तिनं दारात उभं राहून ते वाक्य उच्चारलं आणि वर्षा-सव्वावर्षात पोर गेलं. या दोहोंमध्ये जे काही होतं ते तिला गिळता येत नव्हतं.

पाळक प्रभुदासांनी एकदा तिला समजावलं होतं. ते भले गृहस्थ होते.

"तानाबाई, एकदाच आणि सर्वांसाठी. विसरलात का?"

"नाई जी. पाठ हाये मले."

ते सायकलकडे वळले.

लहानू दोन वर्षांनी खोकल्यानं गेला. डॉक्टर मडम आपल्या देशी परतली. मिशननं आवरतं घेतलं तशी बायबलबाईचं काम संपलं. ख्रिस्ती घरं एकेक करून नागपूरला, वर्ध्याला निघून गेली. देवळात रविवारी उरले ते दवाखान्यातले जुने कंपाउंडर प्रेमदास, जे एका कानानं बहिरे होते, जिनिंग फॅक्टरीतलं एक जोडपं, आणि तानाबाई. दोन बकऱ्या आणि कापूस वेचणी यांवर तिचं भागे.

मग छप्पन्नचा दसरा आला. वाडा रिकामा करून माणसं नागपूरला गेली आणि पांढऱ्या कपड्यांत परत आली. दुसऱ्या दिवशी गुलाबनं स्वतःच्या हातानं लिंबाखालचे तिन्ही दगड उपटले, टोपल्यात घातले आणि नाल्यात नेऊन टाकले. ज्यांच्या आज्यांनी त्या दगडांना शेंदूर लावला, ती माणसं काठावर उभी राहून पाहत होती. कोणी रडलं नाही. दोघा-तिघांनी हात जोडले आणि लगेच सोडले. तानाबाई पलीकडच्या काठावर, कबरस्थानाच्या बाजूला, बकऱ्या घेऊन उभी होती. दगड पाण्यात पडल्याचा आवाज तिनं ऐकला. तिला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं ती बायकांना जे सांगत आली ते झालं होतं, तिच्यावाचून झालं होतं. आणि ज्या देवीनं तिचं पोर नेलं असं गाव म्हणे, ती देवीच आता कोणाची नव्हती.

संध्याकाळी वाड्यात वंदना होऊ लागली. आवाज मिशनच्या घरापर्यंत येई. पूर्वी पाण्यावर जाता-येता बायका तिला टोमणे मारत, 'मिशनवाली आली, बाजूले व्हा,' म्हणत. आता कोणी टोमणेही मारत नव्हतं. त्यांना दुसरी कामं होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती पोळी लाटत होती, तेव्हा दारात अन्नपूर्णा उभी राहिली. पांढरं लुगडं होतं. कपाळ कोरं होतं.

"काय करून राह्यली व ताना?"

"पोळी."

"चार माणसाईले येवढीशी पोळी. चुलीले बी लाज येत असन."

"बसा, जाऊबाई."

अन्नपूर्णा उंबऱ्यावर बसली. तिनं इकडे तिकडे पाहिलं. दान्याची पाटी अजून खुंटीला होती.

"पुढच्या इतवारी नागपूरची मंडळी येनार हायेत. राह्यलेल्याईले दीक्षा देनार. तू बी ये. लुगडं माह्याजवळ हाये दुसरं."

"मी कशी येऊ?"

"काऊन? देव तं तू आमच्या आधीच सोडले."

"सोडले नाई. एक धरला."

"धरून काय भेटलं? एकटी बसली हायेस भुतासारखी."

तानाबाईनं पोळी तव्यावर टाकली. एरवी ती उलट बोलणारी नव्हती.

"अन् तुमच्या मरीआईनं काय ठेवलं माह्यं? तुमीच म्हनत होत्या ना सगळ्या, का तिनं आपलं घेतलं. आता तिलेच तुमी पान्यात टाकलं. मंग माह्या पोराचं कोनाले विचारू मी? नाल्याले?"

अन्नपूर्णा बोटानं उंबऱ्यावरची माती खरडत राहिली.

"तिचं तिले भेटलं होतं," ती म्हणाली.

"काय भेटलं होतं?"

"बकरी. माही काबरी."

तानाबाईला काबरी आठवली. अन्नपूर्णाची एकुलती एक दुभती बकरी. तिनं ती माहेरच्या बाजारात विकली आणि पैसे हरवले म्हणून सांगितलं होतं. गुलाबनं तेव्हा वाडा डोक्यावर घेतला होता. पैसे भावाच्या घशात घातले म्हणून बायकोवर हात टाकला होता. तानाबाईलाही तेव्हा वाटलं होतं की, भावालाच दिले असतील.

"विकली नाई मी. माह्या गावच्या मरीआईले देल्ली. त्याच आखाडीत. तू नाई म्हटलं त्याच्या आठ दिवसानं."

"माह्या पोरासाठी?"

"नवस मी बोलली होती. तू नाई."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं गावभर झालं असतं. तुह्या पाळकानं तुले पंगतीतून उठवलं असतं. लहान्याची दमणी गेली असती, हे घर गेलं असतं. माहेरी कोन वळखते तुले."

पोळी करपत होती. तानाबाईनं ती उतरवली नाही.

"अन् मंग? तो गेल्यावर? बाया कुंपनाजवळ बोलत होत्या तवा?"

अन्नपूर्णाला याचं उत्तर द्यायचं नव्हतं, आणि याचसाठी ती आली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तवा काय सांगू? बकरी देऊन बी पोरगं गेलं, असं म्हटलं असतं, तं दुसऱ्या दिवशी त्या दगडाईवर पानी कसं घातलं असतं मी? घालत होती ना रोज. माह्याच्यानं नाई झालं. बाया बोलत राह्यल्या, मी आयकत राह्यली." ती उठली. "जळली तुही पोळी."

ती गेल्यावर तानाबाईनं जळकी पोळी बाजूला ठेवली आणि दुसरी लाटली. हात आपलं काम करत होते. इतकी वर्षं तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं: तिच्या नाही म्हणण्यानं पोर मेलं नव्हतं. नवस फिटला होता, देवीचं काही येणं नव्हतं, तरी मण्यार चावली. सुटल्यासारखं वाटेल म्हणून ती थांबली. तसं वाटलं नाही. दोष होता तोवर पोर निदान कशामुळे तरी मेलं होतं. आता ते नुसतंच मेलं होतं. ज्वारीच्या हंगामात जमिनीवर झोपलं आणि मेलं.

आणि दुसरी गोष्ट होती. दारात उभं राहून आपल्याला काही लागत नाही असं ती म्हणाली, तेव्हा दुसरीच बाई तिच्या वाट्याचं घेऊन चालत निघाली होती. नवऱ्याचा मार खाल्ला, चोरटी ठरली, दूध तुटलं. हे सगळं तानाबाईच्या नावानं झालं आणि तानाबाईला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्यानं त्यात काही कमी झालं नव्हतं. असलंच काहीतरी ती शेकडो बायकांना वाचून दाखवत आली होती. दुसऱ्याच्या ओसरीवर ते सोपं वाटे.

दिवस कलला तेव्हा तिनं आपल्या दोन बकऱ्यांपैकी थोरलीचं पिल्लू उचललं. मादी होती, अंगावर काबरे ठिपके होते. ते काखेत धरून ती वाड्यात गेली. कितीतरी दिवसांत ती तिकडे गेली नव्हती. लिंबाखालची जागा सारवून स्वच्छ केलेली होती. अन्नपूर्णा दारात बसून बोंडांतला कापूस काढत होती.

"हे काय?"

"ठेवा. काबरीच्या बदली."

"मी मागतली होती का?"

"नाई."

"मंग ने. लहान हाये, रातभर आईसाठी वरडन अन् घरधनी मलेच बोलन."

"जाऊबाई, मले ओझं होते."

"होऊ दे." अन्नपूर्णानं बोंड फोडलं, कापूस टोपलीत टाकला. "काबरी काई बजारात नाई देल्ली मी, का तू आता दुसरी आनून देशीन."

पिल्लू ओरडायला लागलं. तानाबाई तशीच उभी होती. देण्यासाठी आणलेलं हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणं तिला जमत नव्हतं, आणि निघताही येत नव्हतं.

"इतवारी येनार नाईस तं तू," अन्नपूर्णा म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"नाई."

"मले वाटलंच होतं. तरी म्हटलं, इचारून पाहाव." मग वर न पाहता ती म्हणाली, "पाटी उतरव ती खुंटीवरची. धूळ खाऊन राह्यली."

तानाबाई पिल्लू घेऊन परत आली. पाटी तिनं पुसली आणि पुन्हा खुंटीलाच लावली.

सकाळी पाळक आले. सायकलच्या दांडीवर बायबल, पिशवीत जेवणाचा डबा. जिनिंगवालं जोडपं आलं, प्रेमदास आले. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी पोळी मोडली. कुठल्या रात्री, कोणी, कशासाठी मोडली ते नेहमीच्या शब्दांत सांगितलं आणि ताटली घेऊन ते बाकांकडे वळले. जोडप्यानं घेतलं. प्रेमदासांनी घेतलं. तानाबाई पुढच्या बाकाच्या टोकाला होती. तिनं हात पुढे केला, तोवर ताटली तिच्यासमोरून निघून गेली होती. पाळक टेबलाकडे परत चालले होते.

"पाळकसाहेब."

ते वळले. काही सांडलं की काय म्हणून त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं.

"मी राह्यली," तानाबाई म्हणाली.

"काय झालं?" प्रेमदास मोठ्यानं म्हणाले. त्यांना वाटलं, उपासना संपली.

पाळक परत आले. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ताटली पुढे केली. शेवटचा, कडेचा तुकडा होता. तानाबाईनं तो तोंडात घातला आणि चावला.

पोळीला घासलेटचा वास होता.

पहिल्यांदा तिला वाटलं, भास आहे. पण चव जिभेवर पसरली आणि घशापर्यंत गेली. तिला कपाट दिसलं. खालच्या फळीवर डबा, त्याला टेकून बाटली, बाटलीला चिंधीचं बूच. मनुकांच्या रसाचा घोट घेतला तरी ती चव गेली नाही. तिनं तो तुकडा पूर्ण गिळला.

उपासना संपल्यावर ती प्रेमदासांच्या चांगल्या कानाशी गेली.

"कंपाउंडरसाहेब, पोळीले घासलेटचा वास येते का?"

"येते की," ते म्हणाले. "नेहमीच येते."

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

प्रेमदासांनी थोडा विचार केला.

"तू तं खातच नव्हती, बाई. तुले कसं सांगाव?"

त्यांनी काठी घेतली आणि ते निघाले. पाळक सायकलची हवा पाहत होते. जोडपं त्यांच्याशी बोलत उभं होतं. तानाबाईनं कपाट उघडलं, डबा काढला आणि कुलूप लावून घरी आली. रविवार असल्यानं वाड्यातून सकाळीही वंदनेचा आवाज येत होता. बरीच माणसं असावीत. तिनं डब्यातलं पीठ बकऱ्यांपुढे टाकलं. थोरलीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पिल्लानं तर जवळही येऊन पाहिलं नाही.

तिनं डबा राखेनं घासला, धुतला, नाक लावून पाहिला आणि पुन्हा घासला. मग अंगणात दगडावर उपडा घालून ठेवला. वास जायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागेल, असा तिनं अंदाज केला. पुढचा पहिला रविवार अजून लांब होता.